सड्यावरचा पाऊस: बेरीज मोठी, पेंढ्या कमी

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याजवळ ठोसेघरच्या वरच्या अंगाला वडिलोपार्जित बारा एकर गवताचं रान आहे, निम्मं सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट जांभ्या कातळावर, आणि निम्मं उतारावर. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस लागला आणि दसऱ्यानंतरही अधूनमधून येतच राहिला. घरचे म्हणाले, यंदा वैरणीला तोटा नाही. दिवाळीनंतर मोजल्या तर पेंढ्या नेहमीपेक्षा कमी, आणि त्यातल्या बऱ्याच काळ्या पडलेल्या. "पाऊस जास्त तर गवत जास्त, हे साधं गणित इथं का चुकतं? आज्जी म्हणते, म्हातारा पाऊस गवत खातो. यात तथ्य आहे का? उत्तराखंडातली बुग्यालं, म्हणजे उंच डोंगरांवरची कुरणं, पाहिली, तिथलं गवतही असंच वागतं का? आणि पाऊस आम्ही घरच्या घरी मोजावा का?"

आज्जीपासून सुरुवात करतो, कारण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो: तरणा म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस, ५-६ जुलैपासूनचा. त्याच्यामागून २० जुलैच्या सुमारास पुष्य लागतं, तो म्हातारा. आपल्या घाटमाथ्यावर वर्षातला सगळ्यात दाट पाऊस या चार आठवड्यांत कोसळतो, आणि नेमकं याच दिवसांत गवत जागच्या जागी उभं राहतं. मी तीसेक वर्षं कुरणांवर काम केलं. जूनअखेर काठीला खूण करून ठेवलेलं गवत जुलै संपताना जेमतेम चार बोटं वर सरकलेलं मी कितीदा पाहिलंय. ऑगस्टच्या मध्यात आठ दिवस ऊनपावसाचा खेळ झाला की तेच गवत वीत-दीड वीत उसळतं. पाऊस निम्म्याहून कमी, वाढ तिप्पट. आज्जींनी हे काठीशिवाय पाहिलंय, एवढाच फरक.

आता कारण. ते दोन ठिकाणी आहे, पायाखाली आणि डोक्यावर.

पायाखालचं आधी. सड्यावर पहार मारून बघा. वीतभर आत जायच्या आधीच खणकन जांभ्यावर आपटते. जिथं चार बोटं माती आहे ती जागा चांगली म्हणायची. दहा सेंटिमीटर जाडीची अशी माती झाडाला उपयोगी पडेल असं पाणी किती धरते? फार तर पंधरा मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, तेव्हा हे झालं चौरस मीटरला पंधरा लिटर. जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पडतो. त्यातले पंधरा मातीत, तेही ती कोरडी असली तर. ती आधीच भिजलेली असते, म्हणजे शंभरच्या शंभर वाहून जातात. तांब्यात हंडा ओतल्यासारखं. खालच्या धरणाला हंडा मोजून घेता येतो, गवताच्या वाट्याला तांब्याच. एकदा तांब्या भरला की त्यापुढच्या पावसाचा गवताला उपयोग शून्य, तोटा मात्र होतो, त्याकडे येतोच.

उतारावरच्या तुमच्या निम्म्या रानात हातभर माती असेल तर तिथं साठ-सत्तर मिलिमीटर ओल मावते. हा फरक जुलैत दिसत नाही, ऑक्टोबरात दिसतो. पाऊस उघडल्यावर गवत आणि माती मिळून दिवसाला चारेक मिलिमीटर पाणी उडवतात. सड्यावरची पंधरा मिलिमीटर ओल चार दिवसांत संपते, उतारावरची दोन आठवडे पुरते. एकाच ढगाखाली, एकाच मालकाच्या रानात, बांधाच्या अलीकडचं गवत तांबूस झालेलं आणि पलीकडचं अजून निसवतंय, म्हणजे तुरा काढतंय, असं जे तुम्हाला दरवर्षी दिसत असेल ते यामुळं. म्हणून बारा एकरांचा एकच हिशोब मांडू नका. सहा आणि सहा असे दोन वेगळे मांडा.

डोक्यावरचं कारण लोकांच्या लक्षात येत नाही, कारण आपण सगळे दुष्काळी जिल्ह्याच्या मनाने विचार करतो. आपल्याला कमी पडतं ते पाणी, अशी सवय झालेली. घाटमाथ्यावर जुलैत कमी पडतं ते ऊन. महाबळेश्वरचं जुलैतलं कमाल तापमान १९-२० अंशांच्या आसपास असतं. आठ-आठ, दहा-दहा दिवस धुक्यातून सूर्याचा ठिपकासुद्धा दिसत नाही. आपली बहुतेक चराऊ गवतं, कुसळी, मारवेल, डोंगरी, पवना, ही उन्हाची आणि उबेची गवतं आहेत. तीस अंशांच्या आसपास आणि लख्ख उजेडात ती झपाट्यानं वाढतात. वीस अंशांत, अंधारात, पाण्यात पाय बुडवून ती नुसती जीव धरून असतात. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळट पडतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ओलही आहे आणि मातीत हवाही खेळते, ती अवस्था सड्यावर जुलैत येतच नाही. ती येते उघडीप पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. गवत वाढतं ते त्या दिवसांत.

तेव्हा घाटमाथ्यावरच्या गवताचा हंगाम चांगला की वाईट हे मी एकाच आकड्यावरून ओळखतो: २५ जुलै ते २५ सप्टेंबर या दोन महिन्यांत वाफशाचे दिवस किती मिळाले. एकूण पाऊस चार हजार मिलिमीटर झाला की साडेपाच हजार, हे मी विचारतही नाही.

पाऊस असा का पडतो तेही थोडं बघू, म्हणजे तुमच्या रानातला आणि साताऱ्यातला आकडा वेगळा का येतो ते कळेल. अरबी समुद्रावरून ओल घेऊन येणारा वारा कोकण ओलांडतो आणि हजार मीटरच्या भिंतीवर आदळतो. त्याला वर चढावं लागतं, वर चढला की थंड होतो, थंड झाला की ओल सोडतो. घाटमाथ्यावरचे हे ढग विजा पाडणाऱ्या ढगांसारखे उंच नसतात. बुटके, जमिनीला टेकलेले, पण मागून सतत भरत राहणारे. म्हणून इथं गडगडाट कमी आणि झड जास्त. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरात ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा चालवली आहे. ढग पायाशी येतात, विमान लागत नाही, ही तिथली सोय.

माथा ओलांडला की हाच वारा खाली उतरू लागतो आणि पाऊस झपाट्यानं तुटतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. तिथून अठरा-एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पसरणी घाट उतरून वाईत आलात की सातशे-आठशे. पुढं दहिवडी-म्हसवडकडं पाचशेच्या आतबाहेर. एवढ्याशा अंतरात एवढा उतार असताना तुमच्या महसूल मंडळाचा आकडा तुमच्या सड्याला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. गंमत अशी की सरकारी हिशोबात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी. सड्यावर जुलैत ६५ पडला तर आम्ही म्हणायचो, आज जरा बरं आहे, कपडे वाळतील.

आणि त्या दहिवडी-म्हसवडच्या माणदेशात अगदी उलट. तिथला पाऊस मुख्यतः सप्टेंबरात, दुपारनंतर पूर्वेकडून चढणाऱ्या गडगडाटी ढगांचा. तिथं मिलिमीटर मोजायचे, कारण तिथं खरंच पाणी कमी पडतं. पाचशे मिलिमीटरच्या रानात पन्नास जास्त पडला तर गवत डोळ्यांना दिसेल इतकं वाढतं. "पाऊस जास्त तर गवत जास्त" हे तुमचं साधं गणित खोटं नाही, ते दहिवडीचं आहे, ठोसेघरचं नाही.

आता जास्तीच्या पावसाचा तोटा. पाणी वाहून जाताना एकटं जात नाही, मातीतला नत्र घेऊन जातं. उन्हाळाभर वाळलेलं गवत, शेण, पालापाचोळा यांतून जे काही मुरलेलं असतं ते पहिल्या दोन-चार जोरदार पावसांत निघून जातं. याचा पुरावा बघायचा तर कास पठारावर ऑगस्टात गुडघ्यावर बसा. पाणी साचलेल्या उथळ जागी निळ्या-जांभळ्या रंगाची इवली फुलं दिसतील, ती सीतेची आसवं. त्यांच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले सूक्ष्म जीव गिळतात. जवळच दवबिंदू असतो, तांबड्या केसांवर चिकट थेंब घेऊन बसलेला, एखादी चिलट त्यात अडकलेली. मातीत नत्र नाही म्हणून या झाडांनी मांसाहार धरलाय. लोक त्यांचे फोटो काढतात. मला ती फुलं दिसली की एवढंच कळतं, ही जमीन धुऊन निघाली आहे. तिथं गवत वाढवायच्या नादाला लागू नये.

म्हणूनच एक सांगून ठेवतो. सड्यावरच्या सहा एकरांत युरिया फेकू नका. जूनमध्ये फेकलात तर आठवड्यात तो ओढ्यात जाईल, पैसे वाया. ऑगस्टात फेकलात तर राहील थोडा, पण मग गरीब मातीवर जगणारी ही बारकी फुलझाडं मागं पडतील आणि उंच गवत माजेल. गेंद, तेरडा, सोनकी, कवला यांची तिथली मिजास मातीच्या गरिबीवर चालते. उतारावरच्या खोल मातीत, जिथं डोंगरी आणि मारवेल आहे, तिथं शेणखत उन्हाळ्यात द्या. थोडा नत्र द्यायचाच असला तर ऑगस्टच्या पहिल्या खऱ्या उघडीपीत द्या, त्याआधी नाही.

वर्षाचा क्रम नक्षत्रांच्या भाषेत सांगितला तर तुमच्या घरात लवकर पटेल. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की कंद जागे होतात. भुईतून नुसता फुलाचा दांडा वर येतो, पान नंतर. मृगात, म्हणजे ७-८ जूनपासून, गवताचं बी रुजतं आणि जुन्या ठोंबांना फुटवे येतात. मृग आणि आर्द्रा सरींचे गेले तर फुटवे भरपूर येतात, आणि पेंढीची जाडी इथंच ठरते, उंची नंतर. तरणा-म्हातारा म्हणजे थांबा. आश्लेषा-मघात उघडीप मिळाली की वाढ. "न पडतील मघा तर ढगाकडे बघा" ही म्हण खालच्या शेताची आहे. सड्यावर मघा थोड्या कमी पडल्या तर मी तक्रार करत नाही. मात्र अगदीच ओढ दिली तर तीही मारक. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. तेव्हा सड्यावर पहिला आठवडा गवत आनंदानं वाढलं, मग पंधरा मिलिमीटरचा तो तांब्या रिकामा झाला आणि जांभ्यावरचं बारकं गवत कडेनं करपायला लागलं. आठ दिवसांची उघडीप आणि तीन आठवड्यांचा खंड यांत एवढं अंतर आहे. सड्याला हवा असतो तो चार-पाच दिवसांआड एक पंधरा-वीस मिलिमीटरचा पाऊस, मधे ऊन. पूर्वा आणि उत्तरात असा पाऊस पडतो. म्हणून फुलांचा बहरही तेव्हाच, आणि गवताचा भरही.

उत्तरात, सप्टेंबरच्या मध्यापासून, गवत पोटरीत येतं आणि निसवतं. इथं तुमच्या कोड्याचा गाभा आहे. गवत उगवतं पावसाच्या घड्याळानं, पण यातली बरीच गवतं निसवतात दिवसमानाच्या घड्याळानं. दिवस लहान व्हायला लागला की ती तुरा काढतात, मग ती मे महिन्यात उगवलेली असोत की जूनअखेर. २०२५ साली मॉन्सून २४ मे रोजी केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईत पोचला. तुमच्या रानात गवत तीन आठवडे आधी उगवलं. घरच्यांनी धरलं की हंगाम तीन आठवड्यांनी लांबला. प्रत्यक्षात शेवट होता तिथंच राहिला आणि मधल्या वेळेत अंधार-पावसाचे दिवस वाढले. उन्हाळ्यात जमा झालेला नत्र मेमध्येच धुऊन गेला. लवकर वाढलेलं गवत जुलैच्या वाऱ्या-पावसात लोळलं, लोळलेल्याचा बुडखा कुजला. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस उघडेना, म्हणून कापलेलं वाळेना. काळ्या पेंढ्या त्याच्या. पेंढी बांधताना गवतात पंधरा टक्क्यांहून जास्त ओल राहिली की गंजीत बुरशी धरणारच, त्यात तुमच्या बांधणीचा दोष नाही.

बुग्यालांचं विचारलंत. तीन हजार मीटरच्या वरच्या त्या कुरणांत हंगाम उघडतो तो बर्फ वितळल्यावर आणि बंद होतो दहिवर गोठायला लागल्यावर. दोन्ही कुलपं थंडीची. पाऊस तिथं मधल्या काळाचा पाहुणा. आपल्या सड्यावर दोन्ही कुलपं पाण्याची: आधी कोरड, शेवटी कोरड, मधे पूर. तिथल्या कुरणात नोव्हेंबरात माती ओली असूनही गवत झोपलेलं असतं. आपल्याकडं नोव्हेंबरात ऊन, ऊब सगळं असतं आणि माती दगडासारखी. जुलैतल्या धुक्यात मात्र दोघं भाऊ-भाऊ दिसतात, आणि माणूस फसतो तो त्या फोटोंवरून.

मोजावं का? जरूर मोजा. पण मी केलेली चूक करू नका. सुरुवातीच्या काळात आम्ही पर्जन्यमापक सड्याच्या अगदी कडेला, मोकळ्यावर बसवला होता. चौफेर मोकळं, एकही झाड नाही, म्हटलं याहून चांगली जागा कुठली. तीन हंगाम आकडे लिहिले. मग एका पावसाळ्यात पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरला गेलो. तिथला उलटा धबधबा तुम्ही पाहिला असेल: कड्यावरून खाली पडणारं पाणी वारा उचलतो आणि तुषार करून परत पठारावर, बघणाऱ्यांच्या अंगावर फेकतो. तिथं उभा राहून नखशिखान्त भिजलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जो वारा ओढ्याला उलटा फिरवतो तो पावसाचा थेंब मापकाच्या तोंडात सरळ पडू देईल का? परत येऊन दुसरा मापक कड्यापासून आत, छातीभर उंचीच्या करवंदीच्या जाळ्यांच्या आडोशाला, पण जाळ्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर राखून बसवला. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी कडेवरचा मापक आतल्यापेक्षा सरळसरळ कमी दाखवायचा. तीन वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या. म्हणजे मी फेकल्या नाहीत, पण त्यांवर आता काही ठरवत नाही.

तुमच्याकडं तर पवनचक्क्यांचं पठार शेजारी. वारा किती ते वेगळं सांगायला नको. मापकाचं तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर, अगदी समपातळीत. विकतचा साधा मापक चालतो. नसेल तर सरळ बाजूंचा, वर-खाली सारख्या रुंदीचा डबा आणि मोजपट्टी. बादली नको, ती वर रुंद असते, आकडा फुगतो. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो आणि मग तुमचा आकडा इतरांच्या शेजारी ठेवता येतो. एक दिवस चुकला तर दोन दिवसांची बेरीज लिहा आणि "दोन दिवस" असं लिहा. अंदाजानं वाटणी करू नका.

बाटलीचं मापही बघून घ्या. आमच्या मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटर, आत चार लिटरची बाटली. हिशोब केला तर ती बरोबर दोनशे मिलिमीटरला भरते. एरवी पुरायची. २०२१ च्या २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४.४ मिलिमीटर नोंदला गेला. त्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली. आमचा मापक वाचणारा माणूस रस्ता बंद झाल्यानं तिसऱ्या दिवशी पोचला. बाटली काठोकाठ आणि भांड्याच्या तळातही पाणी सांडलेलं. त्या पानावर त्यानं लिहिलंय: "२०० च्या वर. किती ते देव जाणे." मला त्याचं हे प्रामाणिक वाक्य कुठल्याही आकड्यापेक्षा जवळचं वाटतं.

आणखी एक गोष्ट मापकात येत नाही: धुकं. पाऊस नोंद शून्य, पण गवताच्या पात्यावरून थेंब ओघळतायत, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, असे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरात असतात. त्याचा मिलिमीटर काढत बसू नका, पण तेवढ्यानं गवताचं पाणी उडणं थांबतं आणि तांब्या एक दिवस जास्त पुरतो. वहीत "धुकं" एवढाच शब्द लिहा.

पाऊस बदललाय का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच येतो. पुण्याच्या त्याच संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिमुसळधार पावसाचे प्रसंग तिपटीनं वाढले. सड्याच्या भाषेत याचा अर्थ असा की हंडे जास्त ओतले जातायत आणि तांब्याचा आकार तोच आहे. एका खेड्याच्या वहीवरून मी याहून जास्त बोलणार नाही.

आता कापणी, कारण शेवटी तुमचं नुकसान तिथं झालंय. आपल्याकडं दसऱ्यानंतर, खरं तर दिवाळीच्या आगेमागे विळा लावतात. तोवर गवत पिकून कुसळं गळायला लागलेली असतात. फुलोऱ्यात कापलेल्या गवतात प्रथिनं साधारण सहा-सात टक्के, पिकून वाळलेल्यात तीन-चार. म्हणजे आपण जनावरांना निम्म्या कसाचं घालतो. हे शेतकऱ्याला कळत नाही असं समजू नका. तो थांबतो कारण सप्टेंबरात गवत वाळवायला लागोपाठ चार कोरडे दिवस मिळत नाहीत. तेव्हा एकदम सगळं कापायचा हट्ट सोडा. उत्तरात पहिली चार दिवसांची उघडीप दिसली, म्हणजे वारा पश्चिमेचा थांबून दुपारी ऊन चटका देऊ लागलं आणि हवामान खात्याचा अंदाजही जुळला, की उतारावरच्या सहा एकरांतला एक तुकडा कापा. माणसं मिळतील तेवढाच. तो वाळला तर सोनं. नाही वाळला तर मुरघास करा: अर्धा दिवस सुकवून, बारीक कुट्टी करून, गुळाचं पाणी शिंपडून पिशवीत दाबून भरा. नुसत्या डोंगरी गवतात साखर कमी असते, गुळाशिवाय ते आंबत नाही, सडतं. हा अनुभव मी एका पिशवीच्या वासावरून घेतलाय.

बाकीचा उतार हस्त संपेपर्यंत. सड्यावरचे सहा एकर सगळ्यात शेवटी, बी गळाल्यावर, आणि दरवर्षी एक पट्टा न कापता सोडा. ते गवत वर्षायू आहे, बी पडलं नाही तर पुढच्या मृगात रुजणार काय? जुलैत तिथं गुरं सोडू नका. भिजलेल्या चार बोटं मातीत खूर रुतला की ती माती पुढच्या सरीत खाली जाते. ऑक्टोबरनंतर चरू द्या, उलट चरलेलं बरं, वणव्याला जळण उरत नाही.

वही आखताना तारीख, मिलिमीटर आणि शेरा असे तीन रकाने सगळेच करतात. तुम्ही चौथा करा: ऊन. घड्याळ लावून नको. अंगणात वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी हाताला कोरडा लागला तर एक, दमट लागला तर अर्धा, ओलाच राहिला तर शून्य. हे काम आज्जींकडं द्या. सप्टेंबरअखेर चौथ्या रकान्याची बेरीज आणि दिवाळीला पेंढ्यांची मोजणी, दोन्ही शेजारी लिहून ठेवा आणि तीन वर्षांनी मला दाखवा.